हातातून गेलेला डाव परत उघडताना: घाईवाल्यांसाठी सावकाश शिकायची पद्धत

गेल्या मे महिन्यात इचलकरंजीला एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा होती (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारे पॉइंट). पाचवा राउंड, समोर सातवीतली एक मुलगी, रेटिंग माझ्यापेक्षा बरोब्बर दोनशेनं कमी, आणि साडेतीन तास खेळून पटावर उरलं काय तर दोन राजे आणि माझं एक प्यादं. माझा राजा डी-३ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी), प्यादं ई-२ वर, तिचा राजा ई-६ वर, चाल माझी. ज्यांना एंडगेम (मोजक्याच सोंगट्या उरल्यावरचा खेळ) येतो त्यांना एव्हाना कळलं असेल की हा डाव डोळे झाकून जिंकायचा आहे. राजा ई-४ ला न्यायचा, झालं, राजा प्याद्याच्या दोन घरं पुढं जाऊन उभा राहिला की समोरचा काहीही करू शकत नाही. मी प्यादं उचललं आणि ई-४ ला ठेवलं. तिनं शांतपणे राजा ई-५ ला आणून प्याद्याच्या नाकासमोर उभा केला, आणि मग मी वीसेक चाली नुसता इकडून तिकडं फिरलो, शेवटी स्टेलमेट (शह नाही, पण खेळायला चालही नाही), म्हणजे बरोबरी, अर्धा-अर्धा पॉइंट.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, किंग आधी न्यायचा ना ई-फोरला."

मी म्हटलं, "अगं टाइमच नव्हता."

"होता की. चौदा मिनिटं होती तुमच्याकडं. माझ्याकडंच नव्हता."

मला खरंच वाटत होतं की घड्याळानं मला मारलं. खिशातली स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहायचा कागद) काढून बघितली तर माझ्याच अक्षरात त्या चालीशेजारी १४ लिहिलेलं. म्हणजे डाव संपून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या डोक्यानं त्याची खोटी गोष्ट तयार करून मला ती पटवूनही दिली होती. त्या दिवसापासून मी हरलेले (आणि असे घालवलेले) डाव बघायची पद्धत बदलली, ती इथं नीट क्रमानं लिहितोय. मी काही कोच नाही, सहकारी बँकेत नोकरी करणारा, लॉकडाऊनमध्ये पंचवीस वर्षांनी परत पट हातात घेतलेला माणूस आहे, त्यामुळे हे माझ्यासारख्या हजार ते सतराशे रेटिंगच्या मधल्या मंडळींसाठी. ग्रँडमास्टर लोकांनी वाचून हसावं.

आधी थांबायचं, आणि हे सगळ्यात अवघड आहे

हरल्यावर पहिला अर्धा तास मोबाइलला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम पाळलात तरी बाकीचा लेख नाही वाचला तर चालेल.

कारण हरल्यावर आपल्याला शिकायचं नसतं, भरपाई पाहिजे असते. माझं आधी काय व्हायचं सांगतो. रात्री जेवण झाल्यावर तीन मिनिटांचा ब्लिट्झ, एक हरलो, लगेच दुसरा, तोही गेला, आता रेटिंग परत जागेवर आणल्याशिवाय झोपायचं नाही, असं करत एका रात्री ओळीनं अकरा डाव हरलोय मी. डावाला साधारण आठ-आठ पॉइंट, म्हणजे १५४० वरून १४५० च्या आसपास. त्यातला सहावा-सातवा डाव कुठल्या ओपनिंगचा (सुरुवातीच्या चालींचा) होता ते दुसऱ्या दिवशी सांगता येत नव्हतं. अकरा डाव खेळून शिकायला मिळालं शून्य, वर सकाळी डोळे लाल आणि कॅश काउंटरवर बेरीज चुकली ती वेगळीच.

तर नियम असा: ऑनलाइन दोन डाव लागोपाठ हरलो की अ‍ॅप बंद. तिसरा डाव उद्या. 'आज एक जिंकून मग बंद करतो' हे वाक्य मनात आलं की तेच बंद करायचं लक्षण समजायचं.

स्पर्धेत असाल तर हात मिळवा, स्कोअरशीटवर सह्या करा, आणि शक्य असेल तर हॉलबाहेर जाऊन समोरच्याबरोबरच डाव परत लावा. लहान मुलाकडून हरलो की आपण मोठी माणसं फार गडबडीत निघून जातो, पार्किंगमध्ये गाडी आडवी लावल्यासारखे. ती चूक आहे. समोरच्याला तुमच्या डावाबद्दल असं काहीतरी माहीत असतं जे इंजिनला (डाव तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला) कधीच कळणार नाही, उदाहरणार्थ तुमचा चेहरा कधी पडला. मला तर चौदा मिनिटं तिनंच सांगितली.

आणि रेटिंगचा हिशोब एकदा थंड डोक्यानं करून ठेवा, भीती कमी होते. तुमचा के फॅक्टर (एका डावात रेटिंग किती हलू शकतं तो आकडा) २० असेल आणि समोरचा दोनशेनं खाली असेल तर बरोबरीला जातात ५.२ पॉइंट, हरलात तर १५.२. सारख्या रेटिंगच्या माणसाकडून हरलात तर १०. मी ५.२ पॉइंटसाठी दोन रात्री कूस बदलत होतो. बायको म्हणाली, एवढ्या पैशात चहा पण येत नाही.

मग लिहायचं, इंजिन न उघडता

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, पण इंजिनच्या आधी. हा क्रम उलटा झाला की सगळं वाया जातं. इंजिननं एकदा लाल प्रश्नचिन्ह दाखवलं की तुम्ही त्या वेळी काय विचार केला होता ते पुसलं जातं आणि त्या जागी 'हां, मला दिसलं होतं तसं' येऊन बसतं. दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर खेळला असतात.

साधी शंभर पानी वही घ्या. लाकडी पट असेल तर तो मांडा, स्क्रीनवर नको, हातानं सोंगटी उचलली की वेग आपोआप कमी होतो. स्कोअरशीट बघून डाव परत खेळा आणि जिथं जिथं तुम्ही थांबला होतात, घाबरला होतात किंवा खूश झाला होतात तिथं एक ओळ लिहा. फक्त त्या वेळी काय वाटलं होतं तेवढंच. माझ्या वहीतल्या त्या डावाच्या ओळी अशा आहेत, आहे तशा देतो:

'चाल १७: तिनं उंट मारू दिला, मला वाटलं ट्रॅप आहे, दहा मिनिटं घालवली, ट्रॅप नव्हता.'

'चाल ३४: हत्ती मारामारी केली, जिंकलो असं वाटलं, बाहेर पोरगा दिसला, वडापाव आठवला.'

'चाल ५२: प्यादं ई-४. काहीच विचार केला नाही. प्यादं पुढं न्यायचंच असतं ना.'

ही शेवटची ओळ लिहायला मला दोन दिवस लागले, कारण आधी तिथं 'टाइम ट्रबल' लिहिलं होतं, ते खोडून खरं लिहावं लागलं. वहीची पानं कुणाला दाखवायची नसतात, तेवढ्यासाठी तरी खरं लिहा.

घड्याळाचे आकडे

हे फार कमी लोक करतात आणि फुकट आहे. स्कोअरशीटवर प्रत्येक चालीशेजारी, नाहीतर निदान दर पाच चालींनी, आपल्या घड्याळात किती मिनिटं उरली ते लिहायचं. नियमात बसतं, फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमानुसार स्कोअरशीटवर चालींबरोबर घड्याळाची वेळ लिहायला परवानगी आहे. ऑनलाइन खेळत असाल तर लिचेसवर काय किंवा चेस डॉट कॉमवर काय, प्रत्येक चालीचा वेळ आपोआप नोंदला जातो, फक्त आपण तिकडं बघत नाही.

आता बसून दोन गोष्टी शोधायच्या: सगळ्यात जास्त वेळ कुठं गेला, आणि मोठी चूक झाली त्या चालीला किती वेळ दिला. नव्वद मिनिटं अधिक दर चालीला तीस सेकंद असा डाव धरा. माझ्याकडं दर वेळी एकच चित्र निघायचं. दहाव्या ते विसाव्या चालीत, जिथं तीन-चार चाली सारख्याच बऱ्या असतात तिथं, मी पंधरा-पंधरा मिनिटं घालवतोय, आणि जिथं एकच चाल जिंकते नि बाकी सगळ्या बरोबरीत जातात तिथं चार सेकंद. चार! म्हणजे मी हळू खेळणारा माणूस आहे असं सगळा क्लब म्हणायचा, मी पण म्हणायचो, आणि खरं बघायला गेलं तर मी चुकीच्या जागी हळू होतो.

हळू होणं म्हणजे सगळीकडं हळू होणं असं समजू नका, तसं केलंत तर चाळिसाव्या चालीला घड्याळात दोन मिनिटं उरतील आणि मग खराखुरा टाइम ट्रबल. मी आता तीन ठिकाणी सक्तीनं थांबतो. सोंगट्यांची मोठी मारामारी होणार असेल तेव्हा, प्यादं पुढं ढकलणार असेन तेव्हा (प्यादं मागं येत नाही, बाकी सगळं येतं), आणि 'आता जिंकलो' असं वाटेल त्या क्षणी. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर पुढं बोलू.

इंजिन, पण पाहुण्यासारखं

आता उघडा इंजिन. पण पहिल्या चालीपासून बाण बघत बसू नका. इंजिनचा आकडा (कोण किती प्याद्यांनी पुढं आहे त्याचा अंदाज) ०.३ चा ०.६ झाला, याचा आपल्या लेव्हलला काहीही अर्थ नाही, ते ग्रँडमास्टरांचे प्रॉब्लेम. दीड पॉइंटपेक्षा जास्त उडी कुठं पडली एवढंच बघा, एका डावात अशा जागा दोन-तीन निघतात, फार तर चार. तेवढ्याच.

प्रत्येक जागी इंजिनची चाल पाठ करायची नाही. उलटं करायचं: तुमची खेळलेली चाल ठेवा आणि इंजिनला म्हणा, आता मला हरवून दाखव. ते उत्तर देईल त्यावर तुम्ही परत तुमच्या डोक्यानं खेळा, पाच-सहा चाली. माझी चाल का वाईट होती हे अंगाला लागल्याशिवाय कळत नाही. त्या ई-४ नंतर मी घरी इंजिनविरुद्ध तीन वेळा तीच पोझिशन जिंकायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा त्यानं राजा सरळ मागं, सरळ मागं नेत स्टेलमेट केलं. मग राजा ई-४ पासून सुरू केलं. तिचा राजा डी-६ ला गेला तर मी एफ-५, तो ई-७ ला आला तर मी ई-५ ला त्याच्यासमोर, आता त्याला बाजूला व्हावंच लागतं, आणि तो डावीकडं सरकला की मी उजवीकडून आत. वर ई-२ चं प्यादं घरीच बसलेलं, म्हणजे गरज पडली तर एक जादा चाल खिशात. राजा आधी, प्यादं नंतर. लहानपणी हे वाचलं होतं मी, शपथ. वाचणं वेगळं.

तुम्हाला वाटेल हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं, तर २०२४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आठवा. सिंगापूरला १२ डिसेंबरला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा क्लासिकल डाव, बरोबरीकडं चाललेला, आणि ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ-२ ला ठेवला. हत्ती गेले, पाठोपाठ उंट जायची वेळ आली, आणि उरला तो राजा-प्याद्यांचा एंडगेम, जो साफ हरलेला होता. सोंगट्या कमी झाल्या की डाव सोपा झाला असं आपल्याला वाटतं, पण तिथं एक-एक घर मोजावं लागतं. आणि त्याच मॅचमध्ये गुकेश पांढऱ्यानं पहिलाच डाव हरला होता, तिसऱ्या डावात परत आला, बाराव्यात पुन्हा हरला. अठराव्या वर्षी जग बघत असताना दोनदा हरून परत खुर्चीत बसणं याला काय लागत असेल, मला तर इचलकरंजीहून सांगलीला परत येताना गाडीत बोलवत नव्हतं.

कारण लिहायचं, चाल नाही

आता वहीत प्रत्येक मोठ्या चुकीसमोर एक कारण. साध्या मराठीत, घरच्यांना कळेल असं. 'प्यादं ई-४ चूक, राजा ई-४ बरोबर' हे कारण नव्हे, ती पोझिशन परत आयुष्यात येईलच असं नाही. 'जिंकत आलोय असं वाटलं आणि विचार करणं बंद केलं', हे कारण, आणि हे पुढच्या रविवारी परत येणार म्हणजे येणार.

वीस डाव होईपर्यंत काहीही निष्कर्ष काढू नका. दोन डावांवरून आपण 'माझं ओपनिंग कच्चं आहे' म्हणतो आणि पुस्तक विकत आणतो, माझ्याकडं अशी कपाटभर आहेत. वीस डाव झाल्यावर सगळी कारणं एका पानावर उतरवून मोजा. माझी काय निघाली: ओपनिंगमध्ये गेलेले डाव फक्त दोन. समोरच्याची चाल नीट बघितलीच नाही असे सहा. आणि चांगली पोझिशन मिळाल्यावर सैल सोडून घालवलेले नऊ. वीसमधले नऊ! आणि मी तीन वर्षं सिसिलियन नावाच्या ओपनिंगचे व्हिडिओ बघत होतो.

ही मोजणी झाल्यावर थोडं अस्वस्थ व्हायला होतं, कारण ते पान नुसतं बुद्धिबळाचं राहत नाही. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, यात नवीन काय, पोळ्यांचं पण तसंच करतोस, शेवटची पोळी कायम कच्ची. (रविवारी पोळ्या माझ्याकडं असतात.) ऑफिसातही बघायला लागलो तर तेच, फाइल नव्वद टक्के नीट आणि शेवटचा कॉलम घाईत. पण ते असो, आपण पटापुरतंच बोलू.

एक सावधगिरी. 'मी मूर्ख आहे', 'माझं वय झालं', 'नशीब' ही कारणं वहीत चालणार नाहीत, कारण त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. वयाचं म्हणाल तर जगज्जेता बोटविनिक १९६० मध्ये तालकडून किताब हरला, तालचं वय तेव्हा तेवीस, आणि पुढच्या वर्षी वयाच्या ४९ व्या वर्षी परतीच्या मॅचमध्ये त्यानं तालला १३-८ नं हरवलं. आपल्याच डावांची निर्दयपणे चिरफाड करा, ती छापा, म्हणजे लोक तुमच्या चुका दाखवतील असं सांगणारा तो माणूस. आपण छापायला कुठं जाणार, पण क्लबातल्या एखाद्या जाणत्याला महिन्यातून एक डाव दाखवता येतो. सांगलीत मी वाढलो तिथं तर नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना लोक खेळण्याइतकेच डाव उलगडत बसायला यायचे, चहा गार व्हायचा.

पुढच्या डावात एकच गोष्ट

यादी घेऊन पटावर बसू नका. एका महिन्यात एकच सवय. माझी पहिली सवय होती समोरच्याची चाल बघायची, आणि त्यासाठी युक्ती अशी.

पूर्वी रशियन शाळेत शिकवायचे की आधी आपली चाल कागदावर लिहा, मग पटाकडं नव्या डोळ्यांनी बघा, आणि मगच खेळा. चांगली युक्ती होती, पण आता नियमानं बंद आहे, चाल खेळण्याआधी लिहिता येत नाही, पंच टोकतात. मग मी काय करतो, समोरच्यानं चाल केली की आधी तीच लिहितो, पेन आडवं ठेवतो, आणि स्वतःला तीन गोष्टी विचारतो: आता तो मला कुठं शह देऊ शकतो, काय मारू शकतो, आणि कशाची धमकी आहे. पेन हातात असेपर्यंत सोंगटीला हात नाही. बास. पहिले दोन आठवडे पेन ठेवायचंच विसरत होतो, मग टोपणाला लाल रबर बांधलं.

दुसरी सवय त्या नऊ डावांसाठी. 'जिंकलो' असं वाटलं की दोन्ही हात मांडीखाली आणि एक पूर्ण मिनिट काही खेळायचं नाही. त्या मिनिटात फक्त एकच प्रश्न: इथून हा डाव मी हरू शकतो तो कसा? उत्तर जवळजवळ दर वेळी मिळतं.

आणि सरावाला हळू डाव खेळा. आठवड्यात एक तरी डाव तीस मिनिटांचा किंवा त्याहून मोठा, आणि तो पूर्ण बघायचा. ब्लिट्झ सोडा असं मी म्हणणार नाही, मीच सोडलेला नाही, पण तो शेंगदाण्यासारखा, जेवण म्हणून धरायचा नाही. पंधरा ब्लिट्झ खेळून एकही न बघण्यापेक्षा एक मोठा डाव खेळून त्यावर दीड तास बसणं, निदान माझ्या रेटिंगला तरी तेच मानवलं. चार महिने रेटिंग जागचं हललं नाही हेही सांगतो, उलट तीसेक पॉइंट खाली गेलं, कारण नवीन सवय लागताना आधी खेळ अवघडतो. तिथं बरेच जण सोडतात.

तीन महिन्यांनी परत

शेवटचं काम, हे कुणी करत नाही आणि मीही आळस करतो. जुना डाव तीन महिन्यांनी, वही न बघता, परत मांडायचा. तोवर राग गेलेला असतो, त्या पोरीचा चेहराही नीट आठवत नाही, आणि मग नवीन गोष्टी दिसतात.

तो इचलकरंजीचा डाव मी ऑगस्टमध्ये परत लावला. ५२ व्या चालीपर्यंत जायच्या आधीच, ३४ व्या चालीला अडकलो. हत्तींची मारामारी केली तिथं. हत्ती ठेवले असते तर दोन प्यादी जास्त होती, डाव सरळ चालला असता, राजा-प्याद्याच्या भानगडीत पडायची गरजच नव्हती. इंजिननं तिथं लाल काही दाखवलं नव्हतं, कारण त्याच्या हिशोबात दोन्ही वाटा जिंकतातच. माझ्या हिशोबात नव्हत्या. मी अवघड वाट का निवडली ते वहीत लिहायला बसलो. घड्याळ बघितलं, एकेचाळीस मिनिटं होती. घाई नव्हती, भीतीही नव्हती, वडापाव तेवढा आठवला होता. चाल लिहिली आहे, वेळ लिहिली आहे, कारणाची जागा अजून मोकळी आहे.